मिस्टर काय बोलले, मी काय सांगितलं

निरोप आला तेव्हा मी टायरच्या दुकानात बसलो होतो. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये ऑक्टोबर लागला की गाडीचे उन्हाळी टायर उतरवून हिवाळी चढवायचे आणि त्यासाठी महिनाभर आधी मिळवलेली वेळ काहीही झालं तरी चुकवायची नाही, हा इथला कुळाचारच आहे. काचेपलीकडे माझी गाडी वर उचललेली, चारही चाकं काढलेली, आणि हातातल्या फोनवर लुइझावहिनींच्या दोन ओळी: सेलेश्टिनू आज पहाटे गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. मी उठून उभा राहिलो, पण जाणार कुठं? वहिनी पोर्तुगालमध्ये, दोन हजार किलोमीटर लांब. तिकडे दुसऱ्याच दिवशी मातीला नेतात. मी उभ्या उभ्याच फोनवर विमानं बघितली. दोन ठिकाणी बदलून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं. तेवढ्यात काउंटरवरचा माणूस येऊन विचारू लागला, उतरवलेले टायर इथंच ठेवायचे की घरी नेणार? त्यानं पुन्हा विचारलं. "इथंच," म्हणालो आणि परत खाली बसलो.

सेलेश्टिनू हे नाव फक्त वहिनी घ्यायच्या. आम्हां सगळ्यांचे ते 'मिस्टर'. पोर्तुगालमध्ये फुटबॉलच्या कोचला खेळाडू मिस्टरच म्हणतात, मग तो मोठ्या स्टेडियममधला सूटवाला असो की गल्लीतल्या संघाचा. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावच्या क्लबात ते कोच म्हणून आले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच मागितलं. "तुमचं ते जर्मन 'हेर ट्रेनर' म्हणू नका. मला वाटतं, मागं उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला हाक मारताय." आमचा क्लब म्हणजे जिल्हा पातळीवरचा. गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी, आणि कप्तान फ्लोरियान, जो पहाटे तीनला उठून वडिलांच्या बेकरीत पाव भाजायचा आणि रविवारी दुपारी मिडफील्डमध्ये पेंगायचा. पोर्तुगालच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळलेला माणूस अशा संघाला शिकवायला येतोय, हे आम्हाला कुणाला खरंच वाटलं नव्हतं.

मी कोल्हापूरचा. इतर गावांत पोरं बॅट घेऊन जन्मत असतील. आमच्या पेठेत पोराला नीट चालता यायच्या आधी लाथ मारता येते. आमच्या तालमीत खाली कुस्तीचा हौदा आणि वर भिंतीवर फुटबॉलच्या ढाली. तालमीकडून चार हंगाम मी राइट बॅक खेळलो. बरा खेळायचो, असं मी म्हणतो. पेठेत चौकशी केलीत तर वेगळं ऐकू येईल. पुढं इंजिनिअर झालो, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इथं आलो, पोट सुटलं, तरी रविवारी मैदानाकडे गेल्याशिवाय चैन पडायचं नाही. मिस्टरांच्या पहिल्या सरावाला असाच कडेला उभा होतो. ते "बाल्द! बाल्द!" म्हणून ओरडत होते आणि पोरं एकमेकांची तोंडं बघत होती. मी धावत जाऊन पाण्याची बादली आणून त्यांच्यापुढं ठेवली. "तुला पोर्तुगीज येतं?" त्यांनी चकित होऊन विचारलं. म्हटलं, "नाही हो. पण तुमची माणसं चारशे वर्षांपूर्वी आमच्याकडं बादली विसरून गेली, ती अजून न्यायला आली नाहीत." मग मी असे एकेक शब्द काढत गेलो. चावी, बटाटा, घमेलं, पगार... आणि मिस्टर कपाळाला हात लावून हसत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांचा को-ट्रेनर झालो. नाव सहायकाचं, काम दुभाष्याचं.

कारण मिस्टरांची भाषा म्हणजे भेळ होती. शब्द जर्मन, क्रियापदं इंग्रजी आणि राग आला की शुद्ध पोर्तुगीज. मला ती दोन-तीन महिन्यांत कळायला लागली. "माझी आजी तुमच्यापेक्षा जोरात पळते, आणि ती जाऊन वीस वर्षं झाली," असं ते कडाडले की मी जर्मनमध्ये सांगायचो, "मिस्टरांच्या मते वेग वाढवायला अजून थोडा वाव आहे." मिस्टरांचा लाल झालेला चेहरा आणि माझं हे गुळगुळीत वाक्य यांचा मेळ बसायचा नाही आणि पोरं फिसकन हसायची. मग मिस्टर माझ्याकडं संशयानं बघायचे. "मी म्हणालो तेच सांगितलंस ना?" "तेच, मिस्टर. फक्त इस्त्री करून." हे इस्त्रीचं काम मला फार आवडायचं. मी त्यात तरबेज होतो.

बाहेरगावच्या सामन्यांना मी गाडी चालवायचो आणि ते शेजारी बसून आयुष्य सांगायचे. जन्म उत्तर पोर्तुगालमधल्या मासेमारीच्या गावात, वडील होडीवर. हे बचावफळीच्या मधोमध उभे राहून येईल तो बॉल डोक्यानं परतवायचे. पावसात भिजलेला चामड्याचा बॉल डोक्यावर घेतला की कानांत संध्याकाळपर्यंत घंटा वाजायची, म्हणे. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये नऊ वर्षं, पहिल्यात फक्त एक हंगाम. पण त्या एका हंगामातला प्रत्येक सामना त्यांना मिनिटानिशी पाठ होता, कुणी कुठून पास दिला, रेफ्रीनं कुठं खाल्लं, सगळं. मग जर्मनीत सेकंड लीगमध्ये आले, इथं कामाला आलेल्या पोर्तुगीज कुटुंबातल्या लुइझाशी लग्न केलं आणि तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. नंतर कोचिंगचं लायसन काढून पोर्तुगालला परतले. सात क्लब झाले आणि सातही ठिकाणी त्यांना काढलं. एका संघाला त्यांनी वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं, तर पुढच्याच नोव्हेंबरात न्हाव्याच्या खुर्चीत बसलेले असताना फोन आला, उद्यापासून येऊ नका. "मग उरलेले केस कापून घेतले की नाही?" मी विचारलं. "घेतले की. न्हावी म्हणाला, मिस्टर, तुम्ही सेंटर फॉरवर्ड आधीच बदलायला हवा होता." शेवटी सासूबाईंच्या आजारपणामुळं दोघं रेगेन्सबर्गला आले. वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या, मिस्टर एका गोदामात. तिथून आमच्या क्लबानं त्यांना उचललं. एवढं सगळं बघून आता आमच्यासारख्यांना शिकवायचं, वाईट नाही वाटत का, असं मी एकदा धीर करून विचारलं. "इथं फोनवर काढत नाहीत," ते म्हणाले. "तोंडावर काढतात. ते बरं."

त्यांच्याकडं फळा नव्हता, टॅब नव्हता. सामन्याआधी ड्रेसिंगरूममध्ये सगळ्यांनी डावा बूट काढून मधोमध टाकायचा. मिस्टर त्या ढिगातून एकेक बूट उचलून फरशीवर संघ मांडायचे. गोलीचा बूट दाराशी, चार बूट बचावाला, आणि असंच पुढं. ज्याचा बूट ढिगात राहिला तो बाकावर. मग ते मधे उभे राहून हातानं बूट सरकवत डाव समजावायचे, आणि अकरा धटिंगण एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवतारात श्वास रोखून बघत असायचे. आपला बूट मिस्टरांच्या हातात आला, या गोष्टीला पोरांच्या लेखी फार किंमत होती. फ्लोरियान तर रविवारी सकाळी बूट पॉलिश करून आणायचा. पहिल्या दोन हंगामांत आम्ही तळातून वर आलो ते या बुटांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे.

आणि त्यांना घरी जायचं होतं. हे त्यांनी मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. बंदरालगत वडिलांचं दोन खोल्यांचं घर होतं. दर उन्हाळ्यात जाऊन ते स्वतःच्या हातानं त्यात एक काहीतरी दुरुस्त करून यायचे, एकदा छप्पर, एकदा खिडक्या. "दोन-तीन हंगाम अजून, मग मी आणि लुइझा तिकडं. सकाळी उंबऱ्यावर बसायचं आणि बंदरात शिरणारी होडी लांबूनच ओळखायची. कुणाची, कोण हाकतोय, भरलीय की रिकामी. माझा बाप ओळखायचा." एवढंच त्यांचं स्वप्न. सात क्लबांतून हाकललेल्या माणसाला आणखी काय हवं असणार? मी म्हणायचो, मीही येतो, मला पोहायला शिकवा. पंचगंगेकाठी वाढून मला पोहता येत नाही, याचं त्यांना फार नवल वाटायचं.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला एका रविवारी मिस्टरांनी गोलीचा बूट डाव्या विंगला ठेवला. आमच्या गोलीचा पाय म्हणजे नांगर, आणि बूट गुलाबी. तो चुकून ठेवला जाणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, काहीतरी नवी खेळी असेल. पण मिस्टर बोलत राहिले आणि दाराशी गोली नव्हताच. मी पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून पुढं झालो आणि बूट पायानं हळूच सरकवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी फ्लोरियानला 'रुई' म्हटलं. मी सांगताना 'फ्लोरियान' म्हणालो. मग डावीकडचं उजवीकडं व्हायला लागलं, पहिल्या हाफचं दुसऱ्यात. मी भाषांतर करता करता जागेवर बसवत गेलो. सवयच होती. आधी त्यांच्या शिव्या इस्त्री करायचो, आता चुका.

आमच्या तालमीत एक वस्ताद होते. म्हातारपणी त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं, पण रोज संध्याकाळी हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे. गेलेल्या पैलवानांची नावं घेऊन डाव सांगायचे. पोरं "जी वस्ताद" म्हणायची आणि करायचं ते बरोबर करायची. कुणी कधी त्यांच्या तोंडावर चूक दाखवली नाही. मोठ्या माणसाला सांभाळून घ्यायचं असतं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते अंगातच येतं. मी तेच करत होतो आणि मनातून थोडा फुशारतही होतो, की बघा, परमुलखात येऊनही आपण पेठेची रीत राखली. एक गोष्ट मात्र माझ्या टाळक्यात शिरली नाही. तिथं वस्तादांचं काय झालंय हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं, त्यांच्या बायकोला, मुलांना, समोरच्या चहावाल्यालाही. इथं ते फक्त मला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात क्लबाची वर्षअखेरची पार्टी होती. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. त्यांना मी 'वहिनी' का म्हणतो हे मी एकदा समजावलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. त्यांनी नळ बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, "प्रसाद, सेलेश्टिनू मैदानावर कसा असतो?"

"कसा म्हणजे?"

"घरी हल्ली विसरतो. कॉफीचं भांडं शेगडीवर तसंच. परवा माझ्या बहिणीचं नाव आठवेना त्याला. मी म्हटलं डॉक्टरकडं जाऊ, तर चिडला. तिकडं कसा असतो, खरं सांग."

"तिकडं? वहिनी, वाघ असतो वाघ!"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे नुसता थकलाय. वय झालं आता."

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी, तेच तर. इथं राहून हा शब्द तोंडात इतका बसलाय की विचार करायच्या आधी बाहेर पडतो. त्या एका शब्दाची मला आज शिसारी येते. त्यांनी थेट विचारलं होतं. नळही बंद केला होता.

मला वाटायचं, मिस्टरांना काही कळत नाही. पण वसंतात एका सामन्याहून परत येताना ते गाडीत म्हणाले, "आज तू दोन बूट हलवलेस. कधीपासून हलवतोयस?" मी म्हणालो, थोडेच दिवस झाले, मिस्टर. त्यांनी मान खिडकीकडं वळवली. मग म्हणाले, "लुइझाला सांगू नकोस. ती डॉक्टरकडं नेईल, डॉक्टर क्लबाला सांगेल आणि मला आठव्यांदा काढतील. हंगाम संपू दे. मी स्वतः सांगतो तिला." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? हंगाम संपला, उन्हाळा आला, ते दोघं पंधरा दिवस गावी जाऊन आले. परत आले ते पुढच्या हंगामाचं बोलतच. सांगितलं होतं का, विचारायचं धाडस मला झालं नाही. वहिनींच्या वागण्यावरून कळत होतं की नाही सांगितलेलं. आणि मी पुन्हा बूट सरकवायला लागलो. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी आम्ही तक्त्यात दुसऱ्या नंबरवर होतो आणि मलाही ते सोडवत नव्हतं. आणखी एक उन्हाळा तसाच गेला.

मग कोल्हापूरला वडिलांचं ऑपरेशन ठरलं आणि मी दोन आठवड्यांसाठी गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो असताना फ्लोरियानचा फोन आला. "आल्झो, हे बघ, प्रसाद... मिस्टरांचं काहीतरी झालंय." त्यानं सांगितलं ते असं. मिस्टरांनी ढिगातले सगळेच्या सगळे बूट फरशीवर मांडले, एका ओळीत. मग मांडायचं थांबून ते डाव्या बाजूला, जिथं मी उभा असतो तिथं बघत राहिले. पोरं थांबून राहिली. शेवटी मिस्टर खाली बसले आणि रडायला लागले. फ्लोरियाननं वहिनींना बोलावून घेतलं. "तुला इतके दिवस काहीच दिसलं नव्हतं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही.

तपासण्या झाल्या तेव्हा वहिनींनी मला सोबत नेलं, घरचा माणूस म्हणून. डॉक्टरीणबाईंनी स्मृतिभ्रंशाचं नाव घेतलं आणि विचारलं, सुरुवात साधारण कधी झाली? वहिनी म्हणाल्या, घरी थोडं जाणवत होतं, पण मैदानावर शेवटपर्यंत ठीक होता, हा प्रसाद कायम बरोबर असायचा. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान डोलावली... मिस्टर शेजारीच बसले होते. त्यांनी माझा गुडघा थोपटला. त्या थोपटण्यानं मला जमिनीत गाडलं. आयुष्यभर बॉल डोक्यावर घेतल्यामुळं हे झालं का, तेही वहिनींनी विचारलं. कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही, असं उत्तर आलं. बाई पुढं म्हणाल्या, लवकर कळलं असतं तरी आजार थांबला नसता. पुढं कितीतरी दिवस मी या वाक्याला धरून बसलो. मंजिरीला, माझ्या बायकोला, मी ते शंभर वेळा ऐकवलं असेल. ती एकदाच म्हणाली, "अहो, आजार थांबला नसता. पण ती दोघं थांबली नसती ना इथं."

तेच खरं. भाड्याचं घर सोडायची नोटीस, कागदपत्रं, विम्याचे फॉर्म यांतून मोकळे होऊन ती दोघं गावी पोचली तोवर बरंच पुढं गेलं होतं. स्वतःच्या हातानं बसवलेल्या खिडक्यांजवळ बसून मिस्टर वहिनींना विचारायचे, "आपण घरी कधी जायचं?" हेच आपलं घर, म्हटलं की नम्रपणे हो म्हणायचे आणि घटकाभरानं पुन्हा तेच. होड्या येत-जात होत्या, ते बघायचेही, पण कुणाची कोणती ते गेलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मंजिरी आणि मी चार दिवस जाऊन आलो. मिस्टरांनी मला लाइन्समन समजून अंगणातच धरलं. "तो ऑफसाइड नव्हता."

"नव्हता, मिस्टर."

"मग झेंडा का वर केलास?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला माफ करा."

त्यांनी थोडा विचार केला आणि उदारपणे माझ्या पाठीवर थाप मारली. जाऊ दे, होतं असं. मी घराच्या मागं जाऊन ढसाढसा रडलो. मला माफी मिळाली होती, पण ती लाइन्समनला होती. ही आमची शेवटची भेट.

आता क्लबात नवा कोच आहे, इथलाच, तिशीतला, चांगला आहे. तो टॅबवर बाण काढून दाखवतो आणि स्वच्छ जर्मन बोलतो, त्यामुळं मला ड्रेसिंगरूममध्ये काही काम उरलेलं नाही. तरी मी जातो. तो बोलायला लागला की मी आपोआप त्याच्या डाव्या खांद्यामागं अर्धं पाऊल सोडून उभा राहतो आणि त्याचं वाक्य संपलं की तोंड उघडतो. एकदा पोरं हसली. फ्लोरियान नाही हसला.

मिस्टर गेल्यावर महिन्याभरानं वहिनी पेन्शनच्या कागदांसाठी रेगेन्सबर्गला आल्या. बहिणीकडं उतरल्या होत्या. एका दुपारी आमच्याकडं आल्या. मंजिरीनं चहा ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी सांगितलं. गुलाबी बुटापासून सुरुवात केली आणि गेनाऊपर्यंत आलो. काही गाळलं नाही, असं मला तेव्हा वाटलं. वहिनी कपाच्या कानात बोट अडकवून ऐकत होत्या.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"थेट विचारलं होतं, प्रसाद. दोन उन्हाळे... मी नोकरी सोडली असती त्याच महिन्यात. त्याला घर माहीत होतं तेव्हा." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता, त्यांनी कप फेकला असता, तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली, ती मला तोंडातल्या तोंडात विरघळल्यासारखी वाटली.

चहाचा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "इथली शेवटची दोन वर्षं घरी तो बोलेनासाच झाला होता. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय. आता कळतंय, चुकेल म्हणून गप्प बसायचा. तुमच्याकडं बोलायचा, कारण तू होतास." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "सांग मला. काय काय बोलायचा? तू नीट केलेलं नको. जसं बोलला तसं."

मी आठवून आठवून सांगायला लागलो. डावं-उजवं. भलत्याच संघाची नावं. थंडीत एकदा त्यांनी पोरांना भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या होत्या आणि मी ते 'पुढं जा, मागं या' असं सांगितलं होतं. वहिनींना हसू आलं. 'रुई' म्हटल्यावर मात्र थांबल्या. "रुई त्याचा धाकटा भाऊ. वडिलांबरोबर होडीवर असायचा." मला वाटलं होतं, जुना कुणी खेळाडू असेल. त्या म्हणाल्या, "अजून?" मी म्हणालो, एवढंच. "अजून," त्या म्हणाल्या.

एक उरलं होतं. मी कोल्हापूरला जायच्या आधीचा शेवटचा सामना. हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागं होतो. मिस्टर मधे उभे राहिले. त्या दिवशी भेळ नव्हती. सावकाश, स्वच्छ पोर्तुगीजमध्ये बोलले, आणि तोवर मला तेवढं पोर्तुगीज कळत होतं. एकही शब्द चुकीचा नव्हता.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, पुरे झालं आता. मला घरी जायचंय. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, यांना सांग, मला घरी जायचंय."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, मिस्टर म्हणतात, अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत, जीव तोडून खेळा."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बघता बघताच त्यांनी विचारलं, "खेळले?"

"खेळले."

"जिंकलात?"

"जिंकलो, वहिनी," मी म्हणालो. "पोरांनी मिस्टरांना खांद्यावर घेऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. ते खाली उतरवा, खाली उतरवा म्हणत होते."